बोर्डवाल्यांचं दशक

2022च्या जूनमध्ये रवी परांजपे गेले. पुण्याचे चित्रकार म्हणून सगळीकडे हळहळ झाली, पण आमच्या लेखी बेळगावचा माणूस गेला. चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या 'चित्रमंदिर' या कलाशाळेत हात घोटलेला. परांजप्यांनी जाहिरातीचं काम कधी कमी लेखलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

म्हणूनच हल्ली तैलरंगात अभिजात आणि पॉप यांचा नवाच मेळ म्हणून जे दाखवतात, त्याचं मला हसू येतं. रविवर्म्याच्या थाटाची नायिका, शेजारी शीतपेयाची बाटली, की झालं कौतुक सुरू! अहो, 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्यानं तैलचित्रातली लक्ष्मी-सरस्वती घराघरांत नेली. पुढे कॅलेंडरं-मुखपृष्ठं रंगवणारे गोव्याचे मुळगावकर, दलाल, गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय.

मला सांगायचंय ते 1985 ते 95 या दशकाचं. कणकुंबीहून जांबोटीमार्गे बेळगावला उतरलं की थिएटरवरचे हातानं रंगवलेले सिनेमाचे बोर्ड पाहणं हा आमचा फुकटचा सिनेमा. कापड चौकटीवर ताणायचं, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, चौकोन आखून छोट्या फोटोवरून अजस्र चेहरा उतरवायचा. जवळ गेलं तर नायकाचा अर्धा गाल निळा, अर्धा शेंदरी, कपाळावर सुरीनं ओढलेले पिवळे फटकारे. काही कळू नये. रस्ता ओलांडून मागे वळलं की तोच चेहरा जिवंत! छाया-प्रकाशाचं हे ज्ञान अभिजात नव्हे तर काय? पण आमचे एक चित्रकलेचे मास्तर म्हणायचे, 'बोर्ड रंगवणं म्हणजे हमाली.' वर्गात कुणी कॅलेंडरवरचा गणपती काढला की कागद फाडायचे. मला तो फाडलेला कागद अजून सलतो.

त्याच दशकात, 1994 साली, मुंबईत चित्रकार अतुल दोडियांनी 'बाजीगर' सिनेमाच्या पोस्टरच्या धर्तीवर स्वतःलाच रंगवलं. चित्र उत्तमच. पण गॅलरीत टांगलं म्हणून ती कला आणि टॉकीजवर टांगलं की हमाली, हा न्याय मला कधी पटला नाही.

मग छापील फ्लेक्स आला. पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. चोर्ल्याच्या रस्त्यानं आता पुढाऱ्यांचे वाढदिवस तेवढे झळकतात, सगळ्यांचे गाल सारखेच गुळगुळीत. पाटीवर कन्नड किती टक्के नि मराठी किती, यावर आम्ही तावातावानं भांडतो. पाटी रंगवणारा पेंटर कुठे गेला, हे कुणी विचारत नाही.

खानापूर-बेळगावकडे कुणाच्या माळ्यावर असा रंगवलेला बोर्ड पडून असेल, तर कृपा करून पावसाळ्यात गळती झाकायला काढू नका. घडीही घालू नका, रंगाला भेगा जातात. रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा आणि ओल लागणार नाही अशा जागी ठेवा.