पाणी-मिथेनॉल फवारणी : टाकीतला द्रव जातो कुठे?

टर्बोचार्जर बसवलेल्या इंजिनात हवा दाबून भरली जाते आणि दाबली की ती तापते. ही तापलेली हवा पेट्रोलासह सिलिंडरमध्ये गेली, तर ठिणगीपासून ज्वाला क्रमाने पसरण्याऐवजी उरलेले इंधन एकदम भडकते, इंजिनातून ठोके ऐकू येतात, आणि हे ठोके, ज्यांना गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणतात, वाढत गेले तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. त्यावरचा एक जुना उपाय म्हणजे आत जाणाऱ्या हवेत पाणी व मिथेनॉल यांचे बारीक तुषार सोडणे. पाणी वाफ होताना भरपूर उष्णता शोषून घेते, तर मिथेनॉल हवा गार करण्याबरोबरच स्वतःही जळते आणि नॉकिंगला पेट्रोलपेक्षा चांगला विरोध करते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत निम्मे पाणी आणि निम्मे मिथेनॉल असे ‘एमडब्ल्यू 50’ नावाचे मिश्रण वापरले गेले, आणि 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर या मोटारीने तीच कल्पना सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणली. टाकी वेळोवेळी भरणे मात्र अनेक मालकांच्या अंगवळणी पडले नाही, आणि ती रिकामी झाली की दाब मर्यादित करणारी झडप इंजिनाची ताकद उतरवी.

आज ही यंत्रणा बहुधा नंतर बसवली जाते. टाकी, उच्च दाबाचा छोटा पंप, नायलॉनची नळी, फवारा सोडणारे नोझल आणि टर्बोचा दाब पाहून पंप चालू करणारे नियंत्रक एवढाच तिचा पसारा असतो. टाकी लवकर रिकामी होते ही तिच्याबद्दलची नेहमीची तक्रार. पण पाना हातात घेण्याआधी थोडा हिशेब मांडलेला बरा. नोझल मिनिटाला 300 मिलिलिटर द्रव सोडत असेल आणि आठवड्याभरात पूर्ण दाबाखाली गाडी एकूण दहा मिनिटे धावली असेल, तर तीन लिटर द्रव रीतसर खर्च झालेला असतो आणि त्याला गळती म्हणता येत नाही.

हिशेब जुळत नसेल, तर पातळी कधी उतरते हा प्रश्न ती कुठून उतरते याच्या आधी विचारावा. टाकीवर चिकटपट्टीने खूण करून गाडी रात्रभर उभी ठेवावी, सकाळी पातळी पाहावी, मग इंजिन पंधरा-वीस मिनिटे नुसते चालू ठेवून, म्हणजे पंप बंद असतानाच, ती पुन्हा पाहावी. उभ्या गाडीत पातळी उतरली, तर बाहेरची गळती किंवा उंचावरच्या टाकीतून खाली वाहणारा द्रव, असे दोनच मुख्य संशयित उरतात. केवळ इंजिन चालू असताना उतरली, तर इंजिनच द्रव ओढून घेत आहे असे समजावे.

बाहेरची गळती शोधणे चिकाटीचे काम आहे, अवघड नव्हे. नळी कात्रीने कापली की तिचे तोंड चपटे होते आणि दाबून बसवायच्या जोडात ते नीट बसत नाही, म्हणून ती धारदार पात्याने काटकोनात कापावी लागते. तापलेल्या भागावर पडलेले थेंब डाग न ठेवता उडून जातात, तेव्हा प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागदी रुमाल गुंडाळून पंप चाचणीपुरता चालवावा. टाकी डिकीत असेल, तर गालिच्याखाली हात घालून पाहावे. टाकीचे झाकण सैल असेल, तर उन्हाळ्यात मिथेनॉल पाण्यापेक्षा लवकर उडून जाते आणि पातळीबरोबर मिश्रणाचे प्रमाणही बिघडते.

हे सारे करताना मिथेनॉलची गाठ आहे याचा विसर पडता कामा नये. त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही; 1981 च्या इंडियानापोलिस शर्यतीत इंधन भरताना रिक मिअर्स या चालकाभोवती आग लागली, तेव्हा तो जळत आहे हे आजूबाजूच्यांना चटकन उमगले नाही. ते पोटात गेले तर काय होते हे मुंबईने 2015 साली मालवणीच्या विषारी दारूकांडात पाहिले आहे. हातमोजे, मोकळी हवा आणि थंड इंजिन या तिन्ही गोष्टींखेरीज नळी सोडवू नये.

खरी काळजी आतल्या गळतीची, कारण ती जमिनीवर दिसत नाही. पंप बंद म्हणजे वाट बंद, हा समज मुळातच चुकीचा आहे: या पंपातल्या झडपा द्रवाला मागे येऊ देत नाहीत, पुढून कोणी ओढले तर मात्र त्या त्याच दिशेने उघडतात. नोझल थ्रॉटल झडपेच्या पलीकडे बसवलेले असेल, तर इंजिन संथ चालताना तिथे निर्माण होणारी ओढ द्रवाला कित्येक मीटर वर खेचू शकते, म्हणून टाकी खाली नेऊनही उपयोग होत नाही. नोझल थ्रॉटलच्या अलीकडे असेल, तर मात्र टाकीची उंची निर्णायक ठरते. पिंपातले रॉकेल नळीने एकदा ओढले की आपोआप वाहू लागते, तसाच इथे सायफन तयार होतो. दोन्हींवर उपाय म्हणजे विजेने उघडणारी सोलेनॉइड झडप, आणि तीही नोझलच्या शक्य तितकी जवळ, कारण दूर बसवली तर मधल्या फुगलेल्या नळीतला दाब पंप थांबल्यावरही काही काळ थेंब गाळत राहतो. साधी एकमार्गी झडप तिच्या उघडण्याच्या दाबापेक्षा ओढ कमी असेल तेवढ्यापुरतीच पुरते.

झडप धरते की नाही हे पाहण्यासाठी नोझल काढून त्याचे तोंड बाटलीत सोडावे व पंप क्षणभर चालवावा: फवारा पंपाबरोबर थांबला पाहिजे. त्यानंतर थेंब पडतच राहिले, तर बहुधा झडपेच्या बैठकीत कचरा अडकलेला असतो.

रात्रीत बराच द्रव नाहीसा झाला आणि बाहेर कुठेच ओल सापडली नाही, तर किल्ली फिरवू नये. द्रव दाबला जात नाही, आणि सिलिंडरमध्ये तो साचला असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रज्वलनाची आणि इंधनाची जोडणी सोडवून, स्पार्क प्लग काढून, इंजिन हाताने सावकाश फिरवावे आणि प्लगच्या भोकांतून काय बाहेर येते ते पाहावे.