हातातून गेलेले दहा रुपये

पहिल्या पावसावर सरकी लावली, मग पावसाने दडी मारली आणि कोंब करपले. दुबार पेरणी करावी की नाही, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. त्यामागचे गणित वर्गात समजावायला पोकर या पत्त्यांच्या खेळातला एक पेच फार उपयोगी पडतो. (भुवया उंचावू नयेत! संभाव्यतेचे गणितही १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून, जुगाराच्याच प्रश्नावरून पुढे आले.)

या खेळात प्रत्येकाला दोन पाने मिळतात. मग सर्वांसाठी मध्ये पाच पाने उघडतात. आधी तीन, नंतर एकेक. तीन पत्तीत सगळेच ‘बूट’ टाकतात. इथे मात्र वाटपापूर्वी दोघांनाच सक्तीने पैसे टाकावे लागतात. समजा, एकाने ५ रुपये टाकले आणि दुसऱ्याने १०. हा दुसरा म्हणजे ‘बिग ब्लाइंड’. तिसऱ्याने २५ लावले आणि पाचवाल्याने पाने टाकून दिली. ढिगात ४० रुपये झाले. डावात राहायला बिग ब्लाइंडला आणखी १५ हवेत.

‘माझे दहा अडकलेत, ते सोडू कसे?’ हा विचार इथे चुकीचा. ते दहा आता ढिगाचे आहेत. पंधरा टाकल्यावर ढीग ५५ चा होतो. १५ भागिले ५५ म्हणजे सुमारे २७ टक्के. जिंकण्याची शक्यता याहून जास्त असेल तरच पैसे टाकावेत.

पण इथे एक गोम आहे. वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री एक्का-राजाविरुद्धही साधारण एक तृतीयांश वेळा जिंकते. तरी जाणकार ती टाकून देतात. का? कारण ही शक्यता पाचही पाने उघडेपर्यंत टिकलो तरची आहे. जोडी नसलेल्या कोणत्याही दोन पानांना पहिल्या तीन पानांत निदान एक जोडी लागण्याची शक्यता ३२ टक्केच असते. (५० पानांतून ३ निवडण्याचे १९,६०० प्रकार, त्यांपैकी १३,२४४ मध्ये जोडी लागत नाही. विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे.) जोडी नाही आणि समोरचा पुन्हा पैसे लावतो, म्हणजे माघार. किलवरची सत्ती-अठ्ठी मात्र राखण्याजोगी असते. तिला ११ टक्के वेळा तिथेच आणखी दोन किलवर मिळतात, शिवाय ओळ जुळण्याची आशा असते. त्यामुळे पुढे टिकता येते.

आता शेताकडे वळू. करपलेले बियाणे हे गेलेले दहा रुपये. ते हिशेबात धरायचे नाही. केलेली मशागत मात्र ढिगात शिल्लक आहे. समजा, येथून पुढचा खर्च एकरी १५ हजार आणि पीक साधले तर कापूस ४० हजारांचा. मग पीक साधण्याची शक्यता ३७.५ टक्क्यांहून अधिक हवी. आणि सत्ती-दुर्रीची गोम इथेही आहेच: हलक्या जमिनीत उशिरा लावलेली कपाशी उगवते, पण बोंडे भरण्याच्या वेळी ओल संपते. निम्मी रोपे जगली असतील, तर मोडण्याऐवजी नांग्या भरणे स्वस्त पडते.

पत्ते ५२ च असतात. पावसाची शक्यता मात्र जुन्या नोंदींवरूनच काढावी लागते. शाळेने आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी मिळवून जुलैतले खंड मोजून पाहावेत. पोकर खेळणारा एका रात्रीत शंभर डाव खेळतो, त्यामुळे सरासरी त्याच्या कामी येते. शेतकऱ्याला खरिपाचा डाव वर्षातून एकदाच मिळतो, आणि तोही बहुधा कर्ज काढून.