जुन्या पीसीला इंटरनेटची वाट

आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली बाजारात आला: ४.७७ मेगाहर्ट्‌झचा ८०८८ प्रोसेसर आणि आजच्या एका फोटोलाही न पुरणारी मेमरी. त्याच वर्षी इंटरनेटच्या आयपी आणि टीसीपी या प्रोटोकॉलची प्रमाण कागदपत्रे प्रसिद्ध झाली. ५७६ बाइटांचे पॅकेट प्रत्येक यंत्राला घेता आलेच पाहिजे, अशी माफक अट आयपीने घातली. प्रोसेसर किती वेगवान असावा, याबद्दल तिथे अवाक्षर नाही. म्हणूनच हा पीसी आजही इंटरनेटवर येऊ शकतो.

खरी कसोटी लागते ती पीसीच्या मागच्या सिरियल पोर्टवर. तारेतून येतो तो बाइटांचा सलग ओघ. एक पॅकेट कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे ओळखायचे कसे? जॉन रॉम्की यांनी १९८८ साली लिहून ठेवलेली स्लिप पद्धत सांगते: पॅकेट संपले की १९२ हा बाइट पाठवा. मजकुरातच १९२ आला, तर त्याच्या जागी २१९ आणि २२० ही जोडी पाठवा. किती साधी आणि किती पक्की युक्ती!

तरीही पॅकेट हरवतात. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने दर मिलिसेकंदाला साधारण एक बाइट येतो आणि सिरियल पोर्टच्या जुन्या ८२५० चिपमध्ये आलेला एकच बाइट थांबू शकतो. प्रोसेसर फ्लॉपीत गुंतला आणि तो बाइट वेळेत उचलला गेला नाही, की पुढचा त्याला पुसून टाकतो. मग पॅकेटमधली पडताळणीची बेरीज, म्हणजे चेकसम, जुळत नाही आणि एका बाइटापायी अख्खे पॅकेट बाद होते. पुढे १६५५० चिपने १६ बाइट साठवण्याची सोय केली, तेव्हा हा जाच कमी झाला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत इंटरनेट खुले केले. स्वस्तातल्या शेल खात्यात पॅकेट निगमच्या संगणकापर्यंतच येत. घरच्या पडद्यावर फक्त अक्षरे उमटत. स्वतःच्या पीसीपर्यंत पॅकेट आणायची, तर टीसीपी-आयपी खाते लागे. विंडोज ३.१ मध्ये तर टीसीपी-आयपीची सोयच नव्हती. टास्मानियातल्या पीटर टॅटम यांच्या ट्रम्पेट विनसॉकने ती उणीव जगभर भरून काढली.

सर्वांत थक्क करणारे काम स्वीडनच्या अ‍ॅडम डंकल्स यांचे. त्यांच्या ‘यूआयपी’ या चिमुकल्या टीसीपी-आयपी सॉफ्टवेअरमुळे ६४ किलोबाइटांचा कमोडोर ६४ चक्क वेब सर्व्हर झाला. पाठवलेल्या पॅकेटची प्रत जपून ठेवायला मेमरी नाही, म्हणून पॅकेट हरवले की यूआयपी मूळ प्रोग्रामलाच तो मजकूर पुन्हा तयार करायला सांगते.

डॉसच्या यंत्रांसाठी मायकेल ब्रुटमन यांचे एमटीसीपी हे सॉफ्टवेअर आहे. त्याला हवे एक जुने इथरनेट कार्ड आणि त्याचा पॅकेट ड्रायव्हर. अडचण येते ती सुरक्षित संकेतस्थळांपाशी. तिथली गणिते ८०८८च्या आवाक्याबाहेरची आहेत, म्हणून मध्ये एखादा नवा संगणक बसवून सांकेतिक मजकूर त्याच्याकडून उलगडून घ्यावा लागतो. एफटीपी, टेलनेट आणि आयआरसीसाठी मात्र १९८१चा पीसी अजूनही पुरतो.