सशाला भूल देताना

कसबा बावड्यासारख्या, ऊसशेती आणि कोल्हापूर शहर यांच्या सीमेवरील वस्तीत पाळलेल्या सशाचे निर्बीजीकरण करायचे ठरते तेव्हा मालकाला धास्ती वाटते ती चिरफाडीची. प्रत्यक्षात अधिक जोखीम असते ती भुलीची. ब्रिटनमधील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार भुलीशी निगडित मृत्यूंचे प्रमाण सशांत १.३९ टक्के, मांजरांत ०.२४ आणि कुत्र्यांत ०.१७ टक्के होते; निरोगी सशांपुरते ते ०.७३ टक्क्यांवर येते, आणि सशांचे बहुतेक मृत्यू शस्त्रक्रिया आटोपल्यानंतरचे होते.

सशाचे तोंड अरुंद असल्याने श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते, तर लहानसे शरीर, विशेषतः पावसाळी गारठ्यात, झपाट्याने थंड पडते. शिवाय अनेक सशांच्या रक्तात अ‍ॅट्रोपिन हे औषध मोडून टाकणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, असते; त्यामुळे मंदावलेले हृदय सावरण्यासाठी ग्लायकोपायरोलेट वापरणे श्रेयस्कर ठरते.

कुत्र्या-मांजरांप्रमाणे सशालाही रात्रभर उपाशी ठेवण्याचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे, कारण ससा ओकू शकत नाही आणि पोट रिकामे राहिले की त्याच्या आतड्यांची हालचालच थंडावते. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक, ऊब आणि काही तासांत तोंडात पडलेले गवत किंवा कोथिंबीर यांवर बरेच काही अवलंबून असते. लेंड्या थांबल्यास सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाला गाठावे. एवढी जोखीम पत्करावी का? मादीत उतारवयात गर्भाशयाचा कर्करोग इतका सर्रास आढळतो की, तरुण व निरोगी असतानाच ती पत्करणे शहाणपणाचे.