ज्याचा त्याचा सप्टेंबर

पंक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ताठ उभे केलेले रंगीत केस, नाकाकानात पिना, फाटकी जीन्स आणि कानठळ्या बसवणारी गिटार. 'कसलं गं हे गाणं, नुसती आरडाओरड!' असं म्हणून आपण चॅनल बदलतो. पण मैत्रिणींनो, याच आरडाओरडीतला एक अल्बम २००४ साली अमेरिकेत आला आणि ऐकणाऱ्यांचे चक्क तट पडले. त्याचं नाव 'अमेरिकन इडियट'. इडियट म्हणजे मूर्ख, हे काही सांगायला नको!

अल्बम 'ग्रीन डे' या कॅलिफोर्नियातल्या बँडचा. गायक बिली जो आर्मस्ट्राँग आणि बेस गिटार वाजवणारा माइक डर्न्ट हे दहाव्या वर्षापासूनचे शाळूसोबती. १९८७ मध्ये, धड मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, त्यांनी बँड काढला. ड्रम वाजवणारा ट्रे कूल मागाहून आला. १९९४ च्या 'डूकी'ने त्यांना अफाट प्रसिद्धी दिली, पण पुढे उतरती कळा लागली. २००० सालचा अल्बम बेताचाच चालला. त्यानंतरच्या अल्बमचं काम होत आलं होतं, तर त्याच्या टेपाच चोरीला गेल्या! दुसरं कुणी रडत बसलं असतं. यांनी ती गाणी सोडून दिली आणि सगळं नव्याने लिहायला घेतलं.

ते दिवस कसले होते? मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला होता आणि घरोघरच्या टीव्हीवर युद्ध चालू होतं. त्या वातावरणात, अध्यक्षपदाच्या निवडणुकीला सहा आठवडे उरलेले असताना, २१ सप्टेंबर २००४ ला हा अल्बम अमेरिकेत आला. मुखपृष्ठावर मुठीत धरलेला हृदयाच्या आकाराचा हातबॉम्ब, त्यातून ठिबकणारं रक्त. आत एका मुलाची गोष्ट. घराला, गावाला आणि टीव्हीवरच्या अखंड बडबडीला विटलेला हा मुलगा शहरात पळतो, नको त्या संगतीला लागतो, प्रेमात पडतो आणि सगळं हरवून गावाकडे वळतो. अध्यक्षांचं नाव अल्बमभर कुठेही नाही. राग आहे तो भीती विकणाऱ्या टीव्हीवर आणि ती निमूटपणे गिळणाऱ्यांवर. शीर्षक वाचूनच भडकलेल्या कितीतरी जणांपर्यंत हे पोचलंच नाही, असं मला वाटतं.

ऐकणाऱ्यांमध्ये पहिली फळी होती ती चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींची. राजकारण म्हणजे मोठ्या माणसांचा विषय असं मानणाऱ्या या मुलांना वाटलं, अरे, हे तर आपलंच चाललंय! दुसरी फळी युद्धाच्या बाजूने असणाऱ्यांची. सैनिक लढताहेत आणि हे देशाला मूर्ख म्हणतात, हा त्यांचा संताप. ज्या घरातलं कुणी सरहद्दीवर असतं, त्यांना तो सहज कळेल. तिसरी फळी मात्र मजेशीर, जुन्या पंकवाल्यांची! बर्कलीमध्ये ९२४ गिलमन नावाची जागा आहे, ग्रीन डे तिथेच वाढला. मोठ्या कंपनीच्या बँडला तिथे मज्जाव होता, त्यामुळे १९९० च्या दशकात कंपनीशी करार केल्यावर यांनाही दार बंद झालं. त्या लोकांचं म्हणणं एकच, आधी विकले गेलात, आता कसली बंडखोरी? (ते दार पुढे २०१५ मध्ये एका मदतीच्या कार्यक्रमापुरतं उघडलं.) निवडणूक बुशच जिंकले. अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि २००५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

आता एक गोष्ट मला खटकते, ती सांगतेच. त्याच्या दीडच वर्ष आधी, मार्च २००३ मध्ये, 'डिक्सी चिक्स' या तिघी गायिकांपैकी नॅटली मेन्स लंडनच्या कार्यक्रमात एवढंच बोलली होती, की अध्यक्ष आमच्या टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. एक वाक्य! रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली, लोकांनी त्यांच्या सीड्या ट्रॅक्टरखाली चिरडल्या, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तीन पुरुषांनी अख्खा अल्बम काढला आणि बक्षीस नेलं. पंकवाल्यांनी शिव्या घालायच्याच असतात, हे ऐकणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. या तिघी मात्र गावाकडची साधी गाणी म्हणणाऱ्या, 'आपल्या' मुली. आपल्या मुलीने उलट उत्तर दिलेलं कुणाला चालतं? हट्टाने त्या गात राहिल्या आणि २००७ मध्ये पाच ग्रॅमी घेऊन गेल्या. २०२० पासून त्यांनी आपलं नाव नुसतं 'द चिक्स' ठेवलंय.

ग्रीन डेच्या अल्बमवरची भांडणंही संपलेली नाहीत. २०१८ मध्ये ट्रम्प ब्रिटनला गेले तेव्हा तिथल्या लोकांनी ठरवून शीर्षकगीत विकत घेतलं आणि चौदा वर्षांचं जुनं गाणं पुन्हा यादीत चढवलं. २०२३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री टीव्हीवर गाताना बिली जोने एका ओळीत ट्रम्प समर्थकांवर टोला मारला, तर पुन्हा तेच: 'गाणं म्हणा, राजकारण कशाला?' अहो, याच गाण्यावर वीस वर्षं नाचलात नं!

पण या सगळ्या गदारोळात एक हळू, उदास गाणं आहे. 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स', म्हणजे सप्टेंबर सरला की मला उठवा. सप्टेंबर म्हटल्यावर कितीतरी जणांना ते २००१ च्या न्यूयॉर्कमधल्या हल्ल्याचं वाटलं. २००५ मध्ये त्याचा व्हिडिओ आला; त्यात एक मुलगा सैन्यात भरती होतो आणि त्याची मैत्रीण कोसळते. मग सैनिकांच्या घरच्यांनी ते आपलं मानलं. त्याच वर्षी ऑगस्टअखेर कत्रिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं, तेव्हा कुणीतरी पुराच्या दृश्यांना हेच गाणं जोडलं आणि ते त्या बेघरांचंही झालं.

मुळात ते गाणं यातल्या कशाचंच नाही. बिली जो सहा भावंडांतला धाकटा. वडील ट्रक चालवायचे, जॅझही वाजवायचे. सप्टेंबर १९८२ मध्ये ते कॅन्सरने गेले, तेव्हा हा दहा वर्षांचा होता. आई हॉटेलात वाढपी म्हणून राबायची. चाहते सांगतात, अंत्यविधीनंतर पोरगं पळत घरी आलं आणि खोलीचं दार आतून लावून बसलं. आईने दार वाजवलं तेव्हा आतून जे उत्तर आलं, तेच बावीस वर्षांनी गाण्याचं नाव झालं.

आता दर वर्षी एक ऑक्टोबर उजाडला की इंटरनेटवर थट्टेला ऊत येतो, 'उठवा रे त्याला, सप्टेंबर संपला!' थट्टा करणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते बंद दार आणि बाहेर उभी असलेली ती बाई ठाऊकही नसते.