डिकीतील मंद्र सप्तक

कुलाबा जिल्ह्यास रायगड हे नाव १९८१ च्या आरंभी मिळाले आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० ही चिमुकली मोटार रस्त्यावर आली. या दोन घटनांचा एकमेकींशी कवडीइतकाही संबंध नसला, तरी अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंतच्या किनारपट्टीवर मोटारींत वाजणाऱ्या संगीताचा मागोवा घ्यावयाचा झाल्यास आरंभ याच सुमारास धरावा लागतो. कारण तत्पूर्वी मोटार ही येथे डॉक्टर, वकील, बागायतदार किंवा एखादा सधन मासळीचा व्यापारी यांच्या दारची वस्तू होती, तीत रेडिओ असलाच तर त्याचा आवाज फियाटच्या किंवा ॲम्बॅसडरच्या एखाददुसऱ्या स्पीकरातून निघे, आणि तेवढ्यासाठीही टपाल कचेरीतून परवाना काढून त्याची फी भरावी लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास तो परवाना इतिहासजमा झाला. तोवर ज्या श्रोत्यास आकाशवाणीच्या बातम्या आणि भावगीते एवढेच ऐकावयाचे होते, त्यास डिकीत वूफर कोणता ठेवावा हा प्रश्न पडण्याचे काही प्रयोजन नव्हते.

तो प्रश्न उपस्थित केला कॅसेटीने. वेसावकर आणि मंडळींची कोळीगीते, लग्नातील हळदीची आगरी गाणी, नारळी पौर्णिमेस वाजणारे बेंजो, यांच्या कॅसेटी घरोघर आल्या आणि हाच ऐवज मोटारीतही वाजावा ही इच्छा स्वाभाविकपणे उत्पन्न झाली. पुढे या बेंजो पार्ट्यांतून ऑक्टोपॅड हे विद्युत् तालवाद्य रूढ झाले, ताशाच्या जोडीला त्याचा तो पोटात शिरणारा ठोका आला, आणि मागच्या काचेखालच्या फळीवर बसविलेले लंबवर्तुळाकार ‘सहा बाय नऊ’ स्पीकर, जे तोपर्यंत वैभवाचे लक्षण समजले जात, ते एकाएकी अपुरे ठरले.

येथे थोडा हिशेब मांडणे अवश्य आहे. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो, म्हणजे त्याचा मंद्र षड्ज ६९ च्या आसपास पडतो. वूफरची हद्द साधारणतः ८० हर्ट्झपासून खाली ३० पर्यंत. गायकाचा कंठ या हद्दीत क्वचित डोकावतो, परंतु ढोलाच्या आणि ऑक्टोपॅडच्या खालच्या ठोक्याचा मुक्कामच तेथे असतो. त्यातच मोटारीच्या चाकांचा व इंजिनाचा घरघराट बव्हंशी याच खालच्या पट्ट्यात एकवटलेला असल्यामुळे, घरी भरपूर वाटणारा खर्ज वडखळ-अलिबाग रस्त्यावर गाडी निघाली की पार लोपून जातो, आणि उरतो तो झांजेचा व शब्दांचा कर्कश सांगाडा. तरुणांच्या हौसेस केवळ उच्छृंखलपणा म्हणून निकालात काढणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही बाजू कधी विचारात घेतली नाही, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

१९९१ नंतर आयातीवरील निर्बंध हळूहळू सैल होत गेले. त्याआधी जपानी टेपरेकॉर्डर या किनाऱ्यावर कोणकोणत्या वाटांनी उतरत, याची कैफियत जकात खात्याच्या दप्तरात सापडेल. ती येथे उकरण्याचे कारण नाही. नव्वदच्या दशकात मात्र पायोनियर, केनवुड, सोनी, जेबीएल ही नावे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑपेरा हाउसच्या परिसरात उघडपणे मांडली गेली, आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या लाँचमध्ये किंवा एस.टी.च्या टपावर चढून ती अलिबाग-मुरुडकडे येऊ लागली. झेन १९९३ साली आली, सँट्रो १९९८ साली. आणि या छोट्या गाड्यांच्या डिक्यांतून जिने जवळजवळ दशकभर निर्वेध राज्य केले ती बेसट्यूब. गालिच्याचे कापड गुंडाळलेली एक जाड नळी, तिच्या एका तोंडाशी दहा किंवा बारा इंची वूफर, दुसरीकडे हवेसाठी भोक, आणि दोन पट्ट्यांनी ती डिकीत आवळली की काम झाले. सामान न्यावयाचे असल्यास तीच नळी काढून पडवीत ठेवता येई, हा तिचा खरा गुण. आवाजाच्या दृष्टीने ती एकसुरी होती. एकाच स्वरावर गुंजण्याची तिला खोड असे, आणि ज्या गाण्याचा ठोका त्या स्वराशी जुळे ते गाणे मालकाचे आवडते होऊन बसे.

याच काळात पीएमपीओ नामक एका मापाने ग्राहकांची जी दिशाभूल केली, तीस तोड नाही. खोक्यावर हजार वॅट छापलेले असत; ते निमिषमात्राच्या कल्पित उत्कर्षाचे असत, आणि अखंड मिळणारी शक्ती, जीस आरएमएस म्हणतात, ती पुष्कळदा शंभराच्या घरातही नसे. आकड्यांवर भाळून घेतलेल्या त्या जिनसांची रुजुवात करावी असे कोणास वाटले नाही, कारण बाराशे वॅट बसविल्याचे नाक्यावर सांगता येणे हाच बहुतेकांच्या लेखी त्या खरेदीचा अर्धा उपयोग होता.

वस्तुतः या विषयाचे शास्त्र तोवर केव्हाच सिद्ध झालेले होते. एडगर व्हिल्चर याने १९५४ साली अमेरिकेत पूर्णतः बंद पेटीतील, हवेच्या उशीवर तोललेला स्पीकर करून दाखविला. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील याने १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल याने सत्तरच्या दशकात वूफर व पेटी यांचे गणित असे पक्के बांधून दिले की, कोणत्या वूफरास किती लिटरची पेटी लागेल हे लाकडास करवत लावण्यापूर्वीच कागदावर ठरविता यावे. ते गणित डिकीपाशी आणले म्हणजे एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते. ध्वनी सेकंदास सुमारे ३४३ मीटर धावतो. ज्या गाडीचा आतला अवकाश अडीच मीटर लांबीचा, तेथे ६९ हर्ट्झच्या खाली अर्धी लहरही मावत नाही, आणि अशा स्थितीत वूफर लहर पाठविण्याऐवजी सगळ्या हवेवर एकदम दाब आणू लागतो. परिणामी त्या मर्यादेच्या खाली, तत्त्वतः, प्रत्येक सप्तकास १२ डेसिबलांची वाढ फुकट मिळते. बंद पेटीचा आवाज खाली उतरताना जवळजवळ त्याच प्रमाणात घटतो. काचा आणि दारांच्या फटी यांमुळे व्यवहारात हा जमाखर्च तंतोतंत जुळत नाही हे खरे, परंतु गाडी जितकी लहान तितकी ही मर्यादा वर सरकते; आणि म्हणून आल्टोचा मालक ज्या डिकीकडे दारिद्र्य म्हणून पाहत आला, ती खर्जाच्या बाबतीत मोठ्या गाडीच्या मालकास हेवा वाटावा अशी आहे.

हे ध्यानात न घेता पुढच्या काळात, म्हणजे २००५ साली स्विफ्ट आल्यानंतरच्या दशकात, भोकाच्या बारा इंची पेट्यांचे जे पेव फुटले, ते माझ्या मते अनाठायी होते. अशा पेटीस आत ५५ लिटर जागा लागते, फळ्यांची जाडी धरून बाहेरून ती सत्तरच्या घरात जाते, आणि आल्टोच्या १७७ लिटरच्या डिकीतील दोन पंचमांश हिस्सा तिने गिळंकृत केला की मागे आंब्याची पेटी ठेवण्यासही जागा राहत नाही. उलट दहा इंची वूफराची बंद पेटी अठरा लिटरमध्ये भागते. तिचा ठोका आखूड, स्वच्छ आणि वेळेवर येणारा असतो. मात्र सांधे हवाबंद हवेत, आणि या बाबतीत शहरातील तयार पेटीपेक्षा, होडीच्या फळ्या बुजविण्यात हयात गेलेल्या खाडीकाठच्या सुताराचा हात अधिक भरवशाचा.

पेटी ठरली, वूफर ठरला, म्हणजे ॲम्प्लिफायर. हा क्रम उलटा करण्याची चाल आजही सार्वत्रिक आहे. ३०० वॅट आरएमएस देणारा जुन्या एबी वर्गाचा ॲम्प पूर्ण जोरात असता निम्मी शक्ती उष्णतेत घालवितो आणि ४० अँपिअरांहून अधिक प्रवाह ओढतो. डी वर्गाच्या ॲम्पास तेच काम २७ च्या आसपास साधते. संगीतातील सरासरी मागणी याहून पुष्कळ कमी असते, हे मान्य. परंतु पावसाळ्यातील शनिवारच्या रात्री वडखळ नाक्यावर गाड्या खोळंबल्या असता, दिवे, वायपर, एसीचा पंखा असा सगळा लवाजमा चालू, इंजिन जागच्या जागी मंद फिरते आहे, आल्टर्नेटरची आवक किमान आहे, आणि बॅटरी अवघी ३५ अँपिअर-तासांची, अशा वेळी प्रत्येक ठोक्यास हेडलाइट डोळे मिचकावू लागतात. त्यावर उपाय म्हणून एक फॅरडचे चकाकणारे कपॅसिटर विकले गेले. ते शोभेचेच अधिक. शक्ती दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलांनी वाढतो, म्हणजे ६०० वॅटांचा हव्यास धरून जे पदरी पडते ते कानास जेमतेम कळण्याइतके असते. दीडशे ते अडीचशे प्रामाणिक वॅट या आकाराच्या गाडीस पुरेत. वूफराची कॉइल दुहेरी चार ओहमची असल्यास जोडणी दोनची होईल की आठची, आणि ॲम्प त्यास राजी आहे काय, याची खातरजमा खरेदीपूर्वी करावी. गेनचे बटण हे आवाज वाढविण्याचे बटण नव्हे, हे कारागिरास बजावावे.

किनाऱ्यावरील अडचण निराळीच आहे. येथे वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले महिने वारा खारा असतो. एमडीएफची फळी कडेने पाणी पिऊन फुगते, फोमची कड काही वर्षांत हातात भुग्यासारखी येते, आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमची स्वस्त वायर टोकाशी पांढरी पडून प्रवाह अडवू लागते. दोष मात्र ॲम्पावर ढकलला जातो. मरीन प्लाय, रबरी कड, पॉलिप्रॉपिलीनचा शंकू, अस्सल तांब्याची वायर आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज, एवढ्याबाबत काटकसर करू नये.

शेजाऱ्यांच्या तक्रारीविषयी थोडे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रास दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली त्या बाबतीत कडक हुकूम दिले. परंतु ज्या ‘ए’ मापाने हे डेसिबल मोजतात ते ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा करूनच नोंद घेते. नागाव किंवा काशीदच्या वाळूत डिकी उघडी टाकून बसलेल्या पाहुण्यांमुळे वाडीतील म्हाताऱ्याच्या खिडकीची काच थरथरते, आणि मोजणीच्या यंत्रास त्याचा सुगावाही लागत नाही. म्हाताऱ्याचे म्हणणे खरे असते.

अलीकडे प्रश्नाचे रूप पालटले आहे. गाडीबरोबर येणाऱ्या टचस्क्रीनला वेगळ्या ॲम्पासाठी आरसीए जोडणीची सोय बहुधा नसते, तेव्हा स्पीकरच्या तारांवरूनच संकेत घेणारा ॲम्प निवडावा लागतो. सीएनजीच्या सिलिंडरने डिकीवर कब्जा केल्यामुळे आसनाखाली बसणारे आठ इंची चपटे वूफर खपू लागले आहेत. त्यांचा खर्ज माफक, पण आटोपशीर. पावसाळ्यात ज्या गाडीच्या गालिच्याखाली पाणी साचते तीत ते ठेवू नयेत, हे वेगळे सांगावयास नको. स्टेपनीच्या पोकळीत मावणारे वूफरही मिळतात आणि कागदावर ती तजवीज सर्वांत उत्तम दिसते. तथापि आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवून दिघीमार्गे श्रीवर्धनास जाणाऱ्याने स्टेपनी घरी ठेवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण त्या घाटवळणांवर पंक्चर काढणारा गाठेपर्यंत मैलोगणती चालावे लागण्याचा संभव आहे.