तपकिरी झालेलं काळं पेन

दोस्तांनो, आज घरी गेल्यावर एक गंमत करा. आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना हळूच विचारा, "तुमचं पहिलं शाईचं पेन कुठलं होतं?" आणि मग गप्प बसून ऐका. पेनाचा रंग, टोपणाची क्लिप, ते कुणी दिलं, कुणी पळवलं, कुठल्या बाकावर निब मोडली, सगळं निघेल. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते न आठवणाऱ्या माणसालासुद्धा हे आठवतं!

माझ्याकडे आज सदतीस शाईची पेनं आहेत. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेल्या एका लाकडी पेटीत ती राहतात. सोबत एक वही आहे. पेन कुणाचं होतं, कधी मिळालं, त्यानं काय काय लिहिलं गेलं, ते त्या वहीत लिहून ठेवतो. पेटी बघायला आलेले पाहुणे बहुतेक वेळा चकचकीत पेनांकडे हात नेतात. पेन नंबर १ कुणी उचलत नाही. ते मळकट तपकिरी आहे, मातीच्या रंगाचं. खरं तर ते काळं होतं. ते तपकिरी कुणी केलं? मीच!

आमचं गाव आरोंदा. सिंधुदुर्गाच्या अगदी दक्षिण टोकाला, तेरेखोल नदीच्या काठावर. पलीकडच्या काठावर किरणपाणी, म्हणजे गोवा. मी सांगतोय ती गोष्ट १९७८ सालची. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हासुद्धा झाला नव्हता. तो १९८१ साली झाला, त्याआधी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. गावातल्या बऱ्याच घरांतली कर्ती माणसं मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत कामाला. फोन नव्हते. जे काही सांगायचं ते पत्रानं. आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं आमच्या पडवीत बसून आजोबा लिहायचे. आजोबा निवृत्त शाळामास्तर. त्यांचं पेन काळंभोर, जाडजूड. त्यावरचं कंपनीचं नाव केव्हाच झिजून गेलेलं. "मास्तरानू, झिलाक कागद लिवचो आसा," असं म्हणत कुणी आलं की आजोबा चष्मा लावत आणि टोपण फिरवत.

चौथीपर्यंत आम्हाला पेन्सिल. पाचवीत गेलं की शाईचं पेन हातात यायचं. बॉलपेनला वर्गात बंदी. अक्षर बिघडतं म्हणे! त्या वर्षी आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. त्यांनी आपलं पेन माझ्या हातात दिलं. "दसऱ्याला नवं घेऊ. तोवर हे वापर."

आता पेन माझं झालं म्हटल्यावर ते स्वच्छ करायला नको का? न्हाणीघरात हंड्याखाली जाळ होताच. तांब्याभर कढत पाणी काढलं आणि पेन आत सोडलं. थोड्या वेळानं बाहेर काढतो तर काय, काळ्या रंगाचं चिखलाच्या रंगात रूपांतर! आजी ओरडली, "मेल्या, शाय धुवक गरम पाणी कशाक?" मी रडवेला होऊन आजोबांकडे गेलो. त्यांनी पेन डोळ्यांजवळ नेलं, नखानं खरवडून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "टोपण खंय आसा?" टोपण मी पाण्यात घातलं नव्हतं. ते अजून काळंच होतं. आजही आहे.

असं का झालं, ते मला पुष्कळ वर्षांनी समजलं. ते पेन एबोनाइटचं होतं. रबरात भरपूर गंधक मिसळून ते बराच वेळ तापवलं की लाकडासारखा कडक पदार्थ तयार होतो, तो एबोनाइट. त्याची कांडी लेथवर चढवून पेन कातता येतं. आमच्या सावंतवाडीचे कारागीर लाकडाची फळं आणि भातुकली कातून काढतात ना, तसंच. पण ऊन आणि गरम पाणी या दोघांशी एबोनाइटचं वैर. पृष्ठभागावर गंधकाची रासायनिक क्रिया होते आणि काळा रंग तपकिरी पडतो. तेव्हा जुनं पेन धुवायचं ते नेहमी साध्या, गार पाण्यानं. एक रात्र भिजू द्यायचं. घाई केलीत तर माझ्यासारखं होईल!

रंग गेला तरी पेन चालत होतं. आणि आजोबांना दिसत नसल्यामुळे आता गावकऱ्यांची पत्रं लिहायचं कामही माझ्याकडे आलं. केवढा रुबाब वाटला म्हणून सांगू! अंगणात बाकीची पोरं गोट्या खेळतायत आणि मी पडवीत मांडी ठोकून "श्री. रा. रा." लिहितोय.

चवथीच्या आधी शेजारच्या काकी आल्या. (आमच्याकडे गणेश चतुर्थीला चवथ म्हणतात, आणि चवथ म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा सण, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नको.) मुलाला पत्र लिहायचं होतं. गाय दूध देते, पडवीचा वासा बदलला, बहिणीच्या सासरी ओझं पाठवायचं आहे, चवथीला साठ रुपये तरी पाठव. मी आजोबांच्या थाटात सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. काकी समाधानानं गेल्या. मी इनलँडवर पत्ता घातला, आणि पेन बंद करणार तोच टप्पकन एक मोठा थेंब आत पडला. बरोब्बर "साठ" या शब्दावर! घाबरून टीपकागद दाबला, तर थेंब पसरून आणखी मोठा झाला. काकींकडे दुसरं इनलँड नव्हतं. टपाल सकाळी जाणार. आजोबांना सांगावं की नाही? मी नाही सांगितलं. इनलँड चिकटवलं आणि पेटीत टाकून आलो.

चवथीच्या चार दिवस आधी मनिऑर्डर आली. चाळीस रुपये. कुपनावर मुलानं लिहिलं होतं की रकमेवर शाई सांडल्यामुळे आकडा लागला नाही, जमले तेवढे पाठवतो आहे. ते कुपन काकींना मीच वाचून दाखवलं. वाचताना कान कसे तापले होते, ते अजून आठवतं.

आजोबांनी मला रागावायचं सोडून एक विचित्र प्रश्न विचारला. "पेनात शाई किती होती?"

"थोडीच. संपतच आली होती."

"मग टाकणारच थेंब."

हे कोडं तुम्हाला सुटतंय का? पेन भरलेलं असताना थेंब पडायला हवा, संपत आल्यावर कसा काय पडेल? त्यासाठी आधी पेन चालतं कसं ते बघू. खडूचं टोक शाईत बुडवून पाहिलंत कधी? शाई आपोआप वर चढते. बारीक फटीत द्रव असा ओढला जातो, त्याला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात केशाकर्षण म्हणतात. निबला मधोमध चीर असते आणि निबखाली काळी जीभ. त्या जिभेवर एक बारीक चर असते. शाई त्या चरीतून खाली येते आणि जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा आत शिरते. पाण्याची बाटली उलटी केली की गुडगुड होते ना? तोच प्रकार, फक्त अगदी सावकाश. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमननं १८८४ साली शाई आणि हवा यांच्या या देवघेवीला शिस्त लावणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं आणि तिथून शाईची पेनं खरी चालू लागली. आपल्याकडे काही जुन्या लोकांनी तिला 'झरणी' असं छान नाव दिलं होतं. ते फारसं रुळलं नाही, वाईट वाटतं.

आजोबांचं पेन ड्रॉपरनं भरायचं होतं, म्हणजे पेनाची पोकळ नळी हीच शाईची टाकी. शाई संपत आली की टाकीत राहते ती हवा. हाताच्या उबेनं ती हवा तापते, फुगते आणि उरलेल्या शाईला बाहेर ढकलते. टप्प! म्हणून ड्रॉपरचं पेन अर्ध्यावर आलं की लगेच भरायचं. आजोबांना केशाकर्षण वगैरे शब्द ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण नियम ठाऊक होता. तो त्यांनी मला आधी सांगितला असता तर, असं मला तेव्हा वाटलं. ते त्यांनाही वाटलं असावं.

कारण त्याच संध्याकाळी त्यांनी वीस रुपये काढून मला दिले आणि म्हणाले, "काकीला नेऊन दे. चाळिसाबरोबरचेच आहेत म्हण." मी नेऊन दिले. ते वीस रुपये कुठून आले हे मला दसऱ्याला कळलं. नवं पेन काही आलं नाही. पाचवी आणि सहावी, दोन्ही वर्षं मी त्या तपकिरी पेनानंच लिहिलं. पत्रंसुद्धा.

आणखी एक सांगायचं राहिलं. पहिले काही दिवस ते पेन माझ्या हातात खरखरायचं. निबच्या टोकावर कठीण धातूचा बारीकसा मणी असतो. त्याला सगळे इरिडियम म्हणतात, पण आज बऱ्याचदा त्यात त्याच गटातले दुसरे धातू असतात. एक माणूस वर्षानुवर्षं एकाच तिरकसपणानं लिहीत राहिला की तो मणी त्याच्या हाताप्रमाणे झिजतो. आजोबांचं पेन आजोबांच्या हाताला वळलेलं होतं. आता ते माझ्या हाताला वळलंय.

बाकीच्या छत्तीस पेनांबद्दल सगळं सांगत बसलो तर संपादक कात्री घेऊन येतील! तरी दोन-चार सांगतोच. एक आहे कॅमलिनचं. काकासाहेब आणि नानासाहेब दांडेकर या भावांनी १९३१ साली मुंबईत, गिरगावात शाईचा धंदा सुरू केला. आधी 'हॉर्स' छापाची शाईची पूड आणि वड्या, मग उंटाची शाई. पुढे रंगपेट्या आल्या आणि शाळकरी पोरांची दप्तरं उंटानं भरून गेली. आज ही कंपनी जपानच्या कोकुयोची आहे. दुसरं आहे चिनी हिरो, शांघायचं. त्याची निब लपलेली, फक्त टोक बाहेर. योगायोग बघा, तो कारखानाही १९३१ सालीच निघाला.

तिसरं राजमहेंद्रीचं, रत्नम यांचं. स्वदेशी काहीतरी बनवा, असं गांधीजींनी सांगितलं म्हणून के. व्ही. रत्नम पेनं करू लागले. १९३५ साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याहून पत्र लिहून, हे पेन परदेशी पेनांच्या जागी चालेलसं दिसतं, अशी पावती दिली. तिथं अजूनही एबोनाइटची पेनं हातानं कातली जातात.

आणि चौथं पार्कर ५१. कंपनीच्या ५१व्या वर्षी, १९३९ साली, तयार झालं म्हणून हे नाव. बाजारात आलं १९४१ मध्ये. हिरोची ती लपलेली निब म्हणजे याचीच नक्कल, बरं का! माझं पार्कर नदीपलीकडून आलंय. आजोबांचे मेहुणे म्हापशाला दुकानात होते. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि परदेशी वस्तू तिथं सहज मिळत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्याच्या आधी केव्हातरी हे पेन होडीतून तेरेखोल ओलांडून आलं. जकात भरून की न भरता, ते घरात कुणी कधी बोललं नाही! आजोबांनी ते ट्रंकेत जपून ठेवलं. त्यानं लिहिलेली एक ओळही घरात सापडली नाही. माझ्या वहीत त्या पेनासमोरचं पान अजून कोरंच आहे.

पेनांचा नाद मोठमोठ्यांना होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ग्रंथांइतकीच पेनांची आवड होती. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर फुलांऐवजी 'एक वही, एक पेन' आणणारे लोक अलीकडे दिसतात, ते मला फार योग्य वाटतं.

तुम्हालाही जमवायची आहेत? मग आधी दुकानात धावू नका. घरातले जुने ट्रंक, शिवणयंत्राचे खण, देवघराशेजारची फडताळं तपासा. (विचारून, बरं का!) सापडलेलं पेन गार पाण्यात ठेवा. पाणी निळं होईल, बदला. पुन्हा निळं होईल, पुन्हा बदला. चित्रकलेची काळी शाई पेनात कधीही भरू नका, ती आत वाळून दगड होते. महिनाभर लिहिणार नसाल तर शाई काढून, धुऊन ठेवा. आणि पावसाळ्यात वही दमट झाली की शाई फुटते, त्याचा दोष पेनाला देऊ नका. आमच्या आरोंद्यात तर जुलैमध्ये पापडसुद्धा वाकतात, कागदाचं काय घेऊन बसलात!

या जूनमध्ये माझी भाची पाचवीत गेली. सदतीसमधलं कुठलंही एक घे म्हटलं. तिनं पेटीवरून दोनदा बोट फिरवलं आणि नंबर १ उचललं. "याचं टोपण वेगळ्या रंगाचं का रे, मामा?" मग तिला सगळं सांगावं लागलं, थेंबासकट. शाई भरून दिली आणि बजावलं, अर्ध्यावर आली की लगेच भरायची. वहीत तिच्या नावाची नोंद केली. रविवारी तिचं पत्र आलं. अक्षर खरखरीत आहे. मणी अजून माझ्याच बाजूला झुकलेला असणार.